मृगाच्या आत १८० घेऊ का?

प्रश्न:

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. कॅनन ८०डी आणि ५५-२५० एसटीएम एवढ्यावर मी गेली काही वर्षं फोटो काढतोय. फुलपाखरं, चतुर, टाचण्या (चतुराचे बारीक भाऊबंद), कोळी आणि श्रावण-भाद्रपदात सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची फुलं. आता आणखी जवळ जायची हौस वाढली आहे. यंदा आंब्याचे पैसे बरे आले, त्यातले थोडे बाजूला काढलेत. मुंबईत एकाकडे कॅननची १८० मिमी एफ/३.५ मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची लेन्स, विकायला आहे. वापरलेली, पण ‘कंडिशन एकदम चांगली’ म्हणतो. मृग लागायच्या आत आणली तर अख्खा पावसाळा हाताशी मिळेल. एक मित्र म्हणतो थांब, कॅनन मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी लांब मॅक्रो काढणार आहे, तीच घे. दुसरा म्हणतो १८० कशाला, १०० पुरे. बाबा म्हणतात, “ह्या नळकांड्यान काय आंबे ज्यास्त लागतले?” पुढेमागे मी मिररलेसवर जाणार हे नक्की, पण या वर्षी नाही. घेऊ की थांबू? ट्रायपॉड आहे, पण व्हिडिओचा, हलका. तो चालेल का?

— एक बागायतदार, देवगड

उत्तर:

नमस्कार. बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीच्यांना आहे.

१८० मृगाच्या आत घेऊ नका. मित्र म्हणतो त्या नव्या लेन्सची वाटही बघू नका. आत्ता एक क्लोज-अप भिंग आणि एक कोरडा डबा एवढंच आणा, हा पावसाळा तुमच्या ५५-२५० वर काढा, आणि दसऱ्याच्या सुमारास हाच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा. तेव्हा कदाचित तुम्ही १८० च घ्याल, आणि ते बरोबरही असेल. पण आज तुम्ही ती ज्या कामासाठी मागताय, त्यातलं अर्धं काम ती करत नाही.

तुम्ही लिहिलंत, ‘आणखी जवळ जायची हौस’. लांब मॅक्रो जवळ नेत नाही, लांब ठेवते. तुमच्या ८०डीवर बसणाऱ्या कॅननच्या १०० आणि १८०, दोन्ही मॅक्रो एकास एक पटीपर्यंतच जातात, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते. तेव्हा तुमच्या ८०डीचा साडेबावीस मिलिमीटर रुंदीचा सेन्सर साडेबावीस मिलिमीटरचाच तुकडा टिपणार, दोन्हींतली कुठलीही लावा. मुंगी १८० मध्ये मोठी दिसत नाही. खोलीचंही तसंच. एकास एकला एफ/११ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करूनही, तुमच्या सेन्सरवर एक मिलिमीटरही जागा धड शार्प येत नाही, आणि हे दोन्ही लेन्सना सारखंच लागू आहे. वाऱ्यावर डुलणारं फूल १०० मध्ये जेवढं हलेल तेवढंच १८० मध्ये हलेल, कारण हलणं किती दिसतं ते पटीवर ठरतं.

मग जास्तीचे पैसे कशाचे? दोन गोष्टींचे. पहिली म्हणजे अंतर. कॅननच्या १०० एल (एल ही त्यांची महागडी मालिका) मॅक्रोचं सगळ्यात जवळचं फोकस ३० सेंमी आहे, १८० चं ४८. पण हे अंतर सेन्सरपासून मोजतात. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा करा, मग एकास एकला १०० च्या तोंडापुढे साधारण १३ सेंमी उरतात आणि १८० च्या तोंडापुढे साधारण २५. फरक अर्ध्या वितीचा. कधी ही अर्धी वीतच सगळं ठरवते, कधी तिचा काही उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमी, आणि माझ्या मते लांब मॅक्रोचं खरं मोल इथे आहे. त्याच पटीला १८० मागचा फार थोडा भाग बघते, १०० च्या जवळपास चौथाई. तुमच्या बागेतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. फुलावर टाचणी बसलीय, आणि मागे फवारणीचा पाइप, जांभ्याचा गडगा, निळी ताडपत्री. १०० मध्ये यातलं काहीतरी रंगीत डाग होऊन डोकावतं. १८० मध्ये कॅमेरा चार बोटं सरकवला की मागे निव्वळ हिरवं. ज्याला हे एकदा आवडलं त्याला परत आखूड लेन्सवर आणणं कठीण, हे मी मान्य करतो.

आता हे दोन्ही तुम्हाला किती लागतं ते तपासा, आणि पैसे न घालवता तपासा. माडाच्या झावळीतले दोन हीर घ्या, एक १३ सेंमीला तोडा, एक २५ ला. कॅमेऱ्याला तुमची झूम लावा आणि हीर तिच्या तोंडाला रबरबँडने असा बांधा की तेवढा पुढे येईल. मग विहिरीजवळ किंवा पाटाजवळ जिथे चतुर बसतात तिथे जा. आधी लांब हीर लावून, मग आखूड. चतुर कुठल्या हिराला उडतो ते बघा. तसंच फुलपाखरांचं, तसंच जाळ्यात बसलेल्या सिग्नेचर कोळ्याचं. एका रविवारी सकाळी तुम्हाला कळेल की तुमच्या विषयांतल्या कुणाला ती अर्धी वीत लागते. माझा अंदाज सांगतो: कोळ्याला दोन्ही हीर चालतील. फुलांना अर्थातच चालतील. चतुर दुपारी दोन्हींना उडेल आणि पहाटे दवात भिजलेला असताना दोन्हींना बसून राहील. उन्हं चढल्यावर मात्र उडालेला चतुर बऱ्याचदा त्याच काटकीवर परत येतो. पाठलाग न करता काटकीवर फोकस धरून थांबायचं. तेवढा धीर असेल तर अर्ध्याहून जास्त वेळा लेन्सची लांबी मधे येत नाही.

आणखी एक हिशोब. तुमच्या यादीतल्या किती जणांना एकास एक लागतं? राणी पाखरू, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, पंख पसरून १२ ते १५ सेंमी भरतं. तुमची ५५-२५० कसलीही जोड न देता ०.२९ पट जाते, म्हणजे सुमारे ७८ मिलिमीटरची चौकट. तिच्यात हे पाखरू मावतच नाही, मागे सरकावं लागतं. चतुरांचीही तीच गोष्ट. अख्खा चतुर टिपायला तिसरा हिस्सा पट पुष्कळ झाली. एकास एकच्या आसपास खरंच जायचं ते उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांसाठी, टाचणीच्या तोंडासाठी, सड्यावरच्या सीतेची आसवं या इवल्या फुलांसाठी, दवबिंदू या कीटक खाणाऱ्या रोपट्याच्या चिकट केसांसाठी. त्यातली उडून जाणारी अशी एक टाचणीच.

म्हणून आत्ता क्लोज-अप भिंग घ्या म्हणतो. हे लेन्सच्या तोंडावर बसतं. बाजारात स्वस्त एकेरी काचेची मिळतात, ती नकोत. त्यांत कडेला जांभळट-हिरवी किनार येते. दोन-तीन काचा मिळून बनवलेलं, अ‍ॅक्रोमॅटिक म्हणतात ते हवं. रेनॉक्सचं डीसीआर-१५० हे त्यातलं खूप वापरलं गेलेलं. ४.८ डायॉप्टरचं (भिंगाच्या ताकदीचा नंबर, चष्म्याचा असतो तसा) आहे आणि त्याची चिमट्याची चौकट ५२ ते ६७ मिमीच्या लेन्सवर बसते. तुमची लेन्स ५८ ची, तेव्हा प्रश्न नाही. डीसीआर-२५० नावाचं ८ डायॉप्टरचंही येतं. नंबर मोठा म्हणून ते उचलू नका, ते तुम्हाला फार जवळ नेईल.

याचं गणित सोपं आहे आणि कळलं की मजा येते. १००० ला डायॉप्टरने भागा. लेन्सचं फोकस अनंतावर ठेवलं तर उत्तर येतं तेवढ्या मिलिमीटरवर विषय असावा लागतो. ४.८ ला ते साधारण २० सेंमी. झूम २५० वर असो की १५० वर, अंतर तेच. बदलते ती पट: २५० वर १.२, १५० वर ०.७ च्या वर. म्हणजे तुम्ही हललात नाहीत, चतुर दचकला नाही, आणि नुसती झूमची कडी फिरवून अख्ख्या अंगावरून डोळ्यावर आलात. हे १०० किंवा १८० च्या मॅक्रोला जमत नाही. आणि अंतर २० सेंमी, म्हणजे १०० च्या मॅक्रोपेक्षा जास्त आणि १८० पेक्षा थोडंसंच कमी. पार्श्वभूमी २५० ची, त्यामुळे ताडपत्री इथेही गायब.

याहून लांबून काम करायचं तर २ डायॉप्टरचं भिंग. कॅननचंच एक होतं, त्याचं नाव ५००डी, आणि त्याच नावाचा कॅमेराही असल्यामुळे शोधताना भलतंच पुढे येतं. ते ५८ मिमीत निघालेलं आहे. मिळालं तर अर्ध्या मीटरवरून २५० ला ०.५ पट, म्हणजे ४५ मिलिमीटरची चौकट. लहान फुलपाखरांना याहून सोयीचं मला तरी काही ठाऊक नाही. कुणी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या म्हणेल. त्या आखूड लेन्सला छान. ३६ मिमीची ट्यूब २५० वर लावलीत तर पट जेमतेम ०.१४ ने वाढते, कारण ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या लांबीने भागायचं असतं. लांब लेन्सला भिंग, आखूड लेन्सला ट्यूब.

तोटे आहेतच. रेनॉक्स लावलं की १०० च्या आत झूम आणल्यावर कोपरे काळे पडतात. कडा मॅक्रो लेन्सइतक्या कुरकुरीत नसतात. आणि एका अरुंद पट्ट्यातच फोकस होतं, समोरून धनेश गेला तर भिंग काढेपर्यंत तो पार पलीकडच्या वाडीत. पण १८० च्या किमतीच्या अगदी लहानशा हिश्श्यात हे येतं, आणि उद्या १८० घेतलीत तरी पिशवीत पडून राहत नाही.

आता पाऊस. १८० आत्ता नको म्हणायचं माझं सगळ्यात मोठं कारण तोच आहे, आणि तुम्ही नेमकं पावसासाठीच ती घ्यायला निघालात.

कॅननची १८० एफ/३.५ एल १९९६ ची रचना आहे. काच अजूनही उत्तम, याबद्दल वाद नाही. पण तिला स्टॅबिलायझर, म्हणजे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा, नाही, तिचा ऑटोफोकस संथ आहे, वजन १०९० ग्रॅम, आणि पाणी-धूळ रोखणारी बंदिस्ती तिला नाही. २००९ ची १०० एल ६२५ ग्रॅमची, बंदिस्त, आणि तिच्यात स्टॅबिलायझर आहे. कॅनन तो चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा झाला तरी चालेल इतकी सूट) सांगते, एकास एकला दोनच स्टॉपचा. तरी दोन. सिग्मा कंपनीच्या नंतरच्या १५० ला आणि १८० एफ/२.८ ला स्टॅबिलायझर होता. २०१२ मध्ये आलेली ती १८० तर १६४० ग्रॅमची आहे. दोन्ही आता जुन्या बाजारातच.

आषाढात माड-पोफळीच्या बागेत दुपारी चार वाजता उजेड किती असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. एकास एकला एफ/११ लावलंत की प्रकाशाच्या हिशोबाने ते एफ/२२ होतं. १८० हातात धरायची तर तुमच्या सेन्सरवर शटर निदान १/३०० सेकंद तरी हवा, आणि इतक्या जवळून तोही कमीच. एवढा उजेड आषाढात नाही. म्हणजे फ्लॅश. आणि फ्लॅशला लांब लेन्स आवडत नाही. डिफ्यूजर (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा पडदा) लेन्सच्या तोंडाशी असेल तर १३ सेंमीचे २५ झाल्यावर विषयावर पडणारा प्रकाश जवळपास चौथाई होतो. त्याहून वाईट म्हणजे तोच डिफ्यूजर विषयाला अर्ध्या आकाराचा दिसतो, आणि ओल्या बेडकाच्या पाठीवर मऊ झळाळीऐवजी टोचणारे पांढरे ठिपके उमटतात. रात्री आंबोलीला बेडूक बघायला जाणारे बरेच जण १०० च्या आसपासचीच लेन्स नेतात, ते उगीच नव्हे. मलबार ग्लायडिंग फ्रॉग पानावर बसला की बसतो, त्याला अर्धी वीत जास्त देऊन काही साधत नाही. हिरवा चापडा दिसला तर मात्र मॅक्रो पिशवीतच ठेवा, मग ती १०० असो वा १८०. पंचवीस सेंमी हे सापाशी राखायचं अंतर नव्हे. तुमच्या झूमने मीटरभर मागून काढा.

सड्याचं जरा वेगळं. भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवं फुलतात तेव्हा उघडीप असते, उजेड असतो, विषय पळत नाही, आणि कातळ सपाट असल्यामुळे मागची पार्श्वभूमी कुठल्या कुठे दूर जाते. १८० चा आनंद कोकणात कुठे घ्यायचा तर इथे. पालथं पडून, ८०डीची स्क्रीन उघडून वर वळवून, एकेक फूल निवांत. पण तो मामला भाद्रपदाचा, आणि तोही काही आठवड्यांचा. त्याच्यासाठी ज्येष्ठात घाई नको.

मधले महिने ती लेन्स राहणार कुठे? हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि समुद्रकाठच्या माणसाने पहिलं हेच विचारायला हवं. आपल्याकडे पावसाळाभर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, त्यांना लागते ती ओल, अंधार आणि वर्दळ नसलेली जागा. कपाटात कापडी पिशवीत ठेवलेली लेन्स म्हणजे हे तिन्ही. बुरशी वाढताना काचेवरच्या लेपाला खाते. वेळेवर साफ केली तर सुटते, उशीर झाला तर काच पुसूनही व्रण राहतो.

म्हणून रबरी कडेचा घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा आणा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे हवा. अगदी २०-२५ वर नेऊ नका, आतलं ग्रीस आणि रबर कोरडं पडतं. दाण्यांनी रंग बदलला की तापवून परत वापरता येतात. मात्र निळे दाणे आणू नका. त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि आपल्याकडे ते हमखास घरच्या कढईत भाजले जातात. नारिंगी आणा, आणि त्यांनाही जुना वेगळा तवा ठेवा. डब्यात तांदूळ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या, त्याची पूड लेन्सच्या कड्यांत जाते. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट उत्तमच, आणि वीज गेली तरी दार घट्ट असल्यामुळे ते काही तास टिकून राहतं. पण आज तुमच्याकडे एकच लेन्स आहे. डबा पुरेल.

याच कारणासाठी मुंबईच्या त्या १८० बद्दल मी साशंक आहे. तो माणूस खोटं बोलतोय असं मुळीच नाही. पण मुंबईही समुद्रकाठीच आहे, या लेन्स वर्षानुवर्षं कमी वापरल्या जातात, आणि ‘कंडिशन चांगली’ हे बहुतेक वेळा बाहेरून बघून म्हटलेलं असतं. कधीतरी घ्यायची झालीच तर स्वतः जाऊन घ्या. दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागून लावा आणि पुढून तिरकं बघा. ईएफ, म्हणजे तुमच्या ८०डीवर बसणाऱ्या जातीच्या लेन्सचं छिद्र कॅमेऱ्याबाहेर पूर्ण उघडंच असतं, त्यामुळे आतपर्यंत दिसतं. कोळिष्टकासारखे धागे दिसले की नमस्कार करून परत या, किंमत कितीही उतरवली तरी. धुरकट पापुद्रा दिसला तरी तेच. थोडी धूळ चालते, ती फोटोत येत नाही. मग ८०डीवर लावून एफ/११ ला आणि एफ/१६ ला शटर दाबा. छिद्राचा पडदा अडकत असेल तर कॅमेरा तिथेच तक्रार करतो. फोकस मोटर टोकापासून टोकापर्यंत दोन-तीनदा पळवा, कानाने ऐका. फोकसच्या मर्यादेचा खटका दोन्हीकडे काम करतो का बघा. नवी मिळेनाशी झालेल्या लेन्सचे सुटे भाग कायम मिळत राहतील असं धरून चालू नका. मोटर गेली तर ती हाताने फिरवायची लेन्स होईल, एवढं मनाशी ठेवून किंमत बोला.

एक सूट देतो. तीच लेन्स तुमच्या ओळखीच्या माणसाची असेल, तो आठवडाभर वापरायला देत असेल आणि वरच्या परीक्षेत ती पास झाली, तर मृग असो वा आर्द्रा, घेऊन टाका. एवढ्या जुन्या लेन्सची किंमत वर्षभरात फारशी पडत नाही. नाही आवडली तर विकता येते.

आता मित्राची नवी लेन्स. कॅननचं मिररलेससाठीचं आरएफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खोबणी, २०१८ मध्ये आलं, निकॉनचं झेडही त्याच वर्षी. तेव्हापासून कॅननने आरएफसाठी सर्वांत लांब मॅक्रो काढली ती २०२१ ची १००, निकॉनने १०५. सोनीही तिच्या ई-माउंटवर १०० पर्यंतच आहे. लांब मॅक्रोच्या बातम्या अधूनमधून उठतात आणि बसतात. कदाचित येईलही. आलीच तर एल मालिकेच्या किमतीत येईल आणि तुमच्या ८०डीवर बसणार नाही, कारण आरएफ लेन्स ईएफ कॅमेऱ्यावर बसत नाही. लाओवाने १८० मिमी एफ/४.५ काढलीय, ती दीडपटीपर्यंत जाते. तिचा विचार करायचा तर कुठल्या माउंटला ऑटोफोकस आहे आणि कुठल्याला नाही हे आधी नीट वाचा. उलट बाजूने मात्र तुम्ही निश्चिंत राहा. ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ कॅमेऱ्यावर ऑटोफोकससकट चालते. तेव्हा पुढे मिररलेस घेणार म्हणून आज ईएफ घ्यायला घाबरायचं कारण नाही, आणि त्यासाठी थांबायचंही नाही. हा मुद्दा मी तुमच्या पत्रातून खोडूनच टाकतो.

दसऱ्याला काय बघायचं? पावसाळ्यातले फोटो संगणकावर उघडा आणि टाकाऊ ठरलेलेच नीट बघा, चांगल्यांतून फारसं कळत नाही. कुठले का फसले? विषय उडून गेल्यामुळे रिकामी काटकी आली असेल, आणि असं पुन्हा पुन्हा झालं असेल, तर १५० किंवा १८०. मागचा पसारा खटकत असेल तरीही तेच. अंधारामुळे किंवा हात हलल्यामुळे गेले असतील, बेडूक-कोळी-अळंबी असेच विषय जास्त भरले असतील, रात्री फिरायची चटक लागली असेल, तर दुसऱ्या मित्राचं बरोबर, १०० एल घ्या. आणि भिंग लावायला-काढायला कंटाळून तुम्ही महिनाभरात ते डब्यातच ठेवून दिलंत, तर ती माहितीही कमी महत्त्वाची नाही. मग पैसे पुढच्या कॅमेऱ्यासाठी ठेवा. गणपती ते दिवाळी या काळात दुकानांत सूट असते, जुन्या बाजारातही लोक नवं घेण्यासाठी हातातलं काढतात. तेव्हा थांबल्याने नुकसान नाही.

कर्जाचं तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. हप्त्याने घेऊ नका. आंब्याचं पुढच्या वर्षी काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

शेवटी ट्रायपॉड. किड्यांसाठी तो घरीच ठेवा. पाय पसरेपर्यंत किडा थांबत नाही. सड्यावरच्या फुलांसाठी तो हवा, पण तिथे उंचीचा नाही, बुटकेपणाचा उपयोग. तुमच्या ट्रायपॉडचा मधला दांडा काढता येतो का आणि पाय पूर्ण आडवे होतात का बघा. होत असतील तर ८०डी आणि ५५-२५० साठी तो पुरे. नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती दुहेरी बांधा आणि कॅमेरा तिच्यावर टेकवा. ओल्या कातळावर ती घसरत नाही. १८० आलीच तर कॅमेऱ्यासकट पावणेदोन किलोच्या पुढे जाईल, तेव्हा ट्रायपॉडचे पैसे वेगळे धरा, आणि लेन्सच्या पट्ट्यालाच ट्रायपॉड लावा, कॅमेऱ्याला नको.